एकवीस दिवसांचं कुलूप

१.

मी, श्रुतिका परब, वय छत्तीस, मुलुंड पूर्वेला राहते, वकिली करते. प्रतिज्ञापत्र असं सुरू होत नाही हे मला माहीत आहे; मी शेकड्यांनी लिहिली आहेत. पण ती सगळी दुसऱ्यांची होती. हे माझं. ते कुठल्याही कोर्टात दाखल होणार नाही, म्हणून खाली शिक्का नाही, नोटरीची सही नाही, आणि खोटं निघालं तर शिक्षाही नाही. परिच्छेदांना आकडे घातले आहेत ते निव्वळ सवयीने. आकडा असला की मला पुढचं वाक्य सुचतं.

२.

गोष्ट एका खोलीची आहे. घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी जुनी चाळ, खोली नंबर चौदा. दहा बाय पंधरा, आत मोरी, वर पोटमाळा. चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे आणि यादीत ज्याचं नाव त्याला फ्लॅट.

खोली धाकू घाडीगावकरांची. ते गिरणीत होते. वारून अकरा वर्षं झाली. त्यांच्यामागे खोलीत राहिली ती त्यांची धाकटी सून, सुलक्षणा. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. सासऱ्याची शेवटची सहा वर्षं अंथरुणात गेली, ती तिने काढली. थोरल्या मुलाचा मुलगा नितेश. तो कांजूरमार्गला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, अंधेरीला नोकरी करतो. त्याने दावा लावला की आजोबांची खोली माझी, काकीचा तिच्यावर काही हक्क नाही.

नितेशची वकील मी.

३.

लॉ कॉलेजात मालन मॅडम आम्हाला दिवाणी कायदा शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी स्वतःची छत्री टेबलावर ठेवली.

"ही कुणाची?"

"तुमची, मॅडम."

"हा झाला हक्काचा कायदा. आता समजा, ही मी रिक्षात विसरले आणि रिक्षावाल्याने ती चौकीत जमा केली. कुठल्या खिडकीवर जायचं, कोणता फॉर्म भरायचा, किती दिवसांत, सोबत कुठलं ओळखपत्र, हा झाला प्रक्रियेचा कायदा. पहिला सांगतो तुमचं काय आहे. दुसरा सांगतो ते मागायचं कसं."

मागच्या बाकावरून सम्यक इंगोले ओरडला, "आणि खिडकी बंद झाली असेल तर?"

"तर छत्री माझीच," मॅडम म्हणाल्या. "फक्त मी भिजत घरी जायचं."

वर्ग हसला. मीही हसले.

३ (पुन्हा).

वरचं परीक्षेपुरतं बरोबर आहे. पण दोन्हींमधली भिंत तेवढी सरळ नाही. उदाहरणार्थ मुदत. मुदत कुठल्या बाजूची? पुस्तक म्हणतं प्रक्रियेची: मुदत संपली म्हणून हक्क मरत नाही, तो कोर्टात मागण्याचा रस्ता तेवढा बंद होतो. हे उत्तर लिहून मला आठपैकी सात मार्क मिळाले होते. जो मागताच येत नाही अशा हक्काचं माणसाने करायचं काय, हा प्रश्न पेपरात नव्हता. पुढे कळलं की आमचा निम्मा धंदा त्याच प्रश्नाच्या आसपास चालतो. अशिलाचा हक्क भक्कम असेल तर हक्कावर बोलायचं. पोकळ असेल तर तारखांवर.

नितेशचा हक्क पोकळ होता. कागद पाहिले त्याच दिवशी मला कळलं. आजोबांसोबत शेवटपर्यंत राहिली ती काकी. रेशनकार्डावर ती, लाइटच्या बिलावर ती. शिवाय तिच्याकडे धाकूंनी अंगठा उठवून दिलेला एक कागद होता: माझ्यामागे ही खोली सुलक्षणाने वापरावी. तिने कोर्टात येऊन एवढं दाखवलं असतं तरी दावा तिथेच बसला असता.

तेव्हा तिने कोर्टात येऊ नये, हे माझं काम होतं.

४.

हा परिच्छेद आत्ता लिहिता येत नाही. जागा सोडते.

५.

प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते दोन ओळींत लिहून ठेवतात, त्याला रोजनामा म्हणतात. आमच्या दाव्याचा रोजनामा वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

*वादीतर्फे वकील हजर. समन्सचा अहवाल आला. प्रतिवादीचे दार तीन वेळा बंद. समन्स दारावर चिकटवले.*

*प्रतिवादीस पुकारले. गैरहजर.*

*प्रतिवादीस पुकारले. गैरहजर. लेखी म्हणणे नाही. दावा एकतर्फी चालवावा.*

*वादीचा पुरावा झाला. दावा मंजूर.*

यातली एकही ओळ खोटी नाही. बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, गेल्या वर्षी बारा सप्टेंबरला गेला, एकोणीसला गेला, तेवीसला गेला. तिन्ही वेळा चौदा नंबरला कुलूप. शेजारी म्हणाले, गावाला गेल्यात. कधी येणार? घर दाखवायला सोबत नितेश होता, तो म्हणाला, सांगता येत नाही. मग बेलिफने खळ लावून कागद दारावर चिकटवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि अहवाल लिहिला. इतकं झालं की कायद्याने समन्स पोचलं. वाचलं की नाही, हा कायद्याचा प्रश्न नाही.

६.

सुलक्षणाबाई परत आल्या एकोणतीस सप्टेंबरला. दारावरचा कागद त्यांनी पाहिला.

पाडायला काढलेल्या चाळीच्या दारावर काय काय लावलेलं असतं ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. लाल रंगात सर्व्हेचा नंबर. बिल्डरच्या मीटिंगची नोटीस. त्या मीटिंगला जाऊ नका अशी दुसऱ्या गटाची नोटीस. उद्या पाणी येणार नाही. डासांची फवारणी झाली. तीन वर्षांत त्या दारावर शंभरेक कागद तरी लागले असतील. बाकीचे लोक ते फाडतात. सुलक्षणाबाई फाडत नाहीत. कोपरे ओल्या फडक्याने भिजवून कागद अख्खा सोडवतात, दोरीवर वाळवतात, घडी घालून देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. हे त्यांना सासऱ्याने शिकवलेलं. गिरणी बंद पडल्यावर ज्यांनी चिठ्ठ्याचपाट्या जपल्या, त्यांचीच नावं पुढे घरांच्या यादीत लागली म्हणे.

समन्सही तसंच वाळलं आणि पेटीत गेलं. इंग्रजीत होतं.

मे महिन्यात चाळीच्या जिन्यात पात्र लोकांची यादी लागली. चौदा नंबरपुढे नितेशचं नाव. सुलक्षणाबाई धावल्या, कुणीतरी त्यांना मोफत कायदेशीर मदतीच्या खिडकीवर पाठवलं, तिथून त्यांना वकील मिळाला. तो सम्यक इंगोले निघाला. मागच्या बाकावरचा. त्याने विचारलं, समन्स मिळालं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. खरंच म्हणाल्या, हातात कुणी काही दिलंच नव्हतं. त्याने अर्ज केला: अशिलाला समन्स मिळालंच नाही, एकतर्फी हुकूमनामा रद्द करावा, ती गैरहजर असताना लागलेला निकाल बाजूला ठेवून तिचं म्हणणं एकदा ऐकावं.

एकदा ऐकावं. एवढंच त्या बाईचं मागणं होतं. खोलीचा निकाल नंतर काय लागायचा तो लागो.

४. (आता लिहिते.)

गेल्या वर्षीचा ऑगस्ट, अंधेरीचं माझं ऑफिस, समोर नितेश. अशिलाने सांगितलेलं वकिलाने उघड करायचं नाही, हा नियम मी पाळते. म्हणून त्याची वाक्यं गाळली आहेत. माझी माझी आहेत.

— गाव कुठलं तुमचं?

— …

— मालवणकडचे होय! आम्ही कणकवलीचे.

— …

— नाही हो, आता कोण जातंय. बाबा गेल्यापासून मुलुंडलाच आणतो, दीड दिवसाचा. तुमचा गणपती किती दिवसांचा?

— …

— एकवीस! आणि इतके दिवस थांबतं कोण?

— …

— एकट्याच? मग इकडच्या खोलीला कुलूप?

— …

— (कॅलेंडर ओढून.) सात सप्टेंबरला बसतात. म्हणजे सत्तावीसपर्यंत. अनंत चतुर्दशी सतराला.

— …

— नाही, एक फेरी आधी होऊ दे. पण चिकटवायचं सतरानंतर. गणपतीत चिकटवलं तर जज विचारतील. विसर्जन झाल्यावर कोण विचारतंय? मुंबईच्या हिशेबाने सगळे परत आलेले असतात.

— …

— तुम्ही फक्त घर दाखवायचं. कधी येणार विचारलं तर सांगता येत नाही, एवढंच म्हणा. जास्त बोलू नका.

— झकास!

शेवटचा शब्द त्याचा आहे. चुकून आला. राहू दे.

तुमचा गणपती किती दिवसांचा, हा प्रश्न कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. वाशीमचा किंवा सुरतेचा वकील तो विचारणार नाही. आमच्याकडची माणसं ओळख झाल्या झाल्या एकमेकांना तो विचारतात. माझी आई बँकेच्या रांगेत विचारते, दवाखान्यात विचारते, आणि उत्तर ऐकून समोरच्याला एकदम घरातलं समजायला लागते. मीही तसाच विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा मनात काही नव्हतं, असं मला म्हणायचं आहे. पण एकवीस ऐकलं आणि माझा हात कॅलेंडरकडे गेला. मध्ये एक श्वाससुद्धा गेला नाही.

७.

यंदाचा जुलै. सम्यकच्या अर्जावर सुनावणी. माझ्याकडे चार पानांचं लेखी उत्तर तयार होतं. पहिल्या पुकाऱ्याला सम्यक दुसऱ्या कोर्टात अडकला होता, म्हणून मी बाकावर बसले होते. सुलक्षणाबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. साडीबरोबर मिळते ती चेनची पारदर्शक पिशवी मांडीवर, आत कागद.

"तू परब मां? पुकारल्यानी तेव्हा आयकलंय. म्हणजे आमच्याकडचीच."

मी मान हलवली.

"वायच ह्यो कागद बघ गो. सायबाक दाखवू काय नको? आमचो वकील खय गेलो तो दिसना नाय."

"काकी, मी समोरच्या बाजूची वकील आहे. नितेशची."

"आसशीत. नितेश तरी माका परको थोडोच आसा! वाचूक येता मां तुका?"

त्यांनी कागद उलगडला. समन्स. खळीचा तपकिरी डाग चारही कोपऱ्यांत, पण कुठे फाटलेलं नाही, चुरगळलेलं नाही. इतकं नीट ठेवलेलं समन्स मी तेरा वर्षांच्या वकिलीत पाहिलं नव्हतं. ते हातात धरून त्या माझ्याकडे पाहत होत्या. इस्त्री केलेला युनिफॉर्म दाखवणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा होता.

समोरच्या बाजूच्या अशिलाशी दाव्याबद्दल बोलायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. मी म्हणाले, "तुमच्या वकिलांना विचारा." नियम अगदी बरोबर होता. त्या क्षणी मला त्याचा केवढा आधार वाटला ते इथे नोंदवते.

सम्यक धापा टाकत आला. कागद पाहिला आणि उभाच राहिला.

"काकी, हा तुमच्याकडे होता?"

"होतो तर. जपून ठेवलंय."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला, समन्स मिळालं का?"

"माका कोणी देवक नाय. दाराक होतो."

त्याने मला जिन्याकडे ओढलं. आम्ही दोघं तेवढे जुने आहोत.

"वाट लागली यार. अर्जात शपथेवर लिहून दिलंय, समन्स मिळालंच नाही."

"लपवता येणार नाही तुला."

"ते मला शिकवू नकोस. दाखवला की तू उठणार. समन्स पोचलं होतं, मुदत निकालापासून तीस दिवस, ती संपली, अर्ज फेटाळा. बरोबर?"

"बरोबर."

"चार पानं लिहून आणलीयस का पाच?"

"चार."

"छत्री तिचीच," तो म्हणाला. हसायला गेला, पण ते जमलं नाही. मग कपाळ चोळत म्हणाला, "मला एक कळत नाही गं. तेवीस सप्टेंबर. विसर्जन होऊन आठवडा झालेला. अख्खी चाळ परत आलीय, बेलिफच्या अहवालात शेजारीपाजारी सगळे आहेत. ही बाई एकटीच तिकडे काय करत होती?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

८.

आमचा पुन्हा पुकारा झाला. सम्यक बोलायला उभा राहिला, घसा साफ केला. तो काय सांगणार होता कुणास ठाऊक. त्याआधीच मागून आवाज आला.

"मॅडम, कागद माझ्याकडे आसा. मी टाकूक नाय."

सुलक्षणाबाई उभ्या होत्या आणि त्यांनी समन्स डोक्याच्या वर धरलं होतं. शिपायाने ते जज मॅडमना नेऊन दिलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सुलक्षणाबाई वाट पाहत होत्या. आता कुणीतरी शाबास म्हणेल अशा. त्यांना वाटत होतं, कागद आहे म्हणजे आपण खऱ्या. माझी चार पानं नेमकी उलट सांगत होती: कागद आहे म्हणजे समन्स पोचलं, पोचलं म्हणजे मुदत संपली, संपली म्हणजे ऐकायची गरज नाही. आणि कायदा माझ्या बाजूने होता. तिने जपला म्हणूनच होता. चाळीतल्या बाकीच्यांसारखा फाडून फेकला असता तर, मला मिळालाच नाही, असं म्हणून ती आज वाचली असती.

"वादीच्या वकील, काय म्हणणं आहे?"

मी उभी राहिले. जज मॅडम अजून कागदच पाहत होत्या. त्या पुढे म्हणाल्या, "की आधी बेलिफला बोलवायचं? चिकटवलं कसं, घर कुणी दाखवलं, चौकशी काय केली?"

"मॅडम," मी म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर घ्याल? अशिलाशी बोलून सांगते."

(आकडा नाही.)

फोनवर. त्याची वाक्यं याही वेळी गाळली आहेत.

— नितेश, समन्स काकींकडे निघालं.

— …

— जिंकलो वगैरे काही नाही. जज बेलिफला बोलवायचं म्हणतायत.

— …

— म्हणजे तो पिंजऱ्यात उभा राहून सांगणार, घर दाखवायला कोण आलं होतं. मग तुम्हाला बोलावतील. सांगता येत नाही, असं का म्हणालात ते विचारतील.

— …

— तुमच्या घरचा गणपती किती दिवसांचा ते तुम्हाला माहीत नव्हतं, असं शपथेवर सांगाल?

— …

— हो. मीच सांगितलं होतं तसं म्हणायला.

— …

— म्हणूनच म्हणते, हरकत घ्यायची नाही. हुकूमनामा रद्द होऊ दे. दावा काही जात नाही, तो उभा राहतो. त्यांचं म्हणणं येईल, मग लढू.

— …

— मेसेज टाका. "हरकत नाही", एवढे दोनच शब्द.

मेसेज आला.

यावर माझी उलटतपासणी मीच घेतली, कोर्टाच्या आवारातल्या कँटीनमध्ये, समोर न खाल्लेला मेदूवडा.

प्रश्न: हे तुम्ही सुलक्षणाबाईंसाठी केलंत?

उत्तर: हो.

प्रश्न: बेलिफ आला असता तर नितेश आला असता, आणि नितेशच्या तोंडून तुमचं नाव आलं असतं. खरं?

उत्तर: आलं असतं.

प्रश्न: म्हणजे अशिलाला घाबरवून तुम्ही स्वतःला वाचवलंत.

उत्तर: दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

प्रश्न: जज मॅडमनी बेलिफचा विषय काढलाच नसता, तर तुम्ही ती चार पानं वाचली असती?

(साक्षीदाराने घड्याळ पाहिलं. सुट्टी संपत आली होती.)

९.

*वादीच्या वकिलांची हरकत नाही. अर्ज मंजूर. एकतर्फी हुकूमनामा रद्द. प्रतिवादीने लेखी म्हणणे दाखल करावे.*

सम्यक माझ्याकडे बघतच राहिला. मग टेबलाखाली त्याने माझ्या बुटावर हळूच बूट आपटला. कॉलेजात पेपर सोपा गेला की आपटायचा तसा. मी पाय मागे घेतला.

जज मॅडमनी डायरी उघडली. "लेखी म्हणण्यासाठी नऊ सप्टेंबर. प्रतिवादींनी स्वतः हजर राहून सही करायची. आता पुन्हा गैरहजेरी चालणार नाही."

"चालेल मॅडम," सम्यक म्हणाला आणि तारीख लिहायला लागला.

यंदा गणपती सत्तावीस ऑगस्टला. विसर्जन सहा सप्टेंबरला. नऊ तारखेला मुंबई कामावर असणार, सम्यक कामावर असणार, चाळीतली सगळी दारं उघडी असणार. एकविसावा दिवस सोळा सप्टेंबरला येतो. मागच्या बाकावर सुलक्षणाबाई पिशवीची चेन लावत होत्या. तारीख इंग्रजीत झाली होती, त्यांना कळली नव्हती. कळली असती तरी त्यांनी गावचा गणपती टाकला असता की तारीख, मला सांगता येत नाही.

"मॅडम, नऊ तारीख नको."

"का?"

"अडचण आहे."

"कुणाला?"

इथे एकच वाक्य हवं होतं. प्रतिवादींना, मॅडम, त्यांच्या घरचा गणपती एकवीस दिवसांचा आहे, त्या सोळापर्यंत गावी असतील, आणि हे मला गेल्या वर्षीही माहीत होतं. मी ते मनात पूर्ण जुळवलं. मराठीत जुळवलं, मग इंग्रजीत.

"मला," मी म्हणाले. "गणपतीला गावी असते."

"विसर्जन सहालाच आहे की, वकील मॅडम," खाली बसलेले क्लार्क म्हणाले. दोन-चार जण हसले.

"आमचा एकवीस दिवसांचा असतो."

सम्यकचं पेन थांबलं.

तो डायरीतून वर पाहत नव्हता. नुसता थांबला होता, मुदत मोजताना थांबतो तसा. मग त्याने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं, सुलक्षणाबाईंकडे, आणि नंतर माझ्याकडे. त्याला माझं घर माहीत आहे. दरवर्षी दीड दिवसाच्या गणपतीला तो मुलुंडला येतो, माझ्या आईच्या हातचे मोदक मोजून अकरा खातो.

"बरं. चोवीस सप्टेंबर," जज मॅडम म्हणाल्या.

*वादीच्या वकिलांच्या विनंतीवरून पुढील तारीख २४ सप्टेंबर.*

१०.

बाहेर आले तेव्हा वाटलं, सम्यक काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता, आमच्यात वीस पावलांचं अंतर असेल, आणि त्याने मला चहाला हाक मारली नाही. तो सुलक्षणाबाईंसाठी थांबला होता. आणि त्या येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या.

"आमच्या वकिलान सांगल्यान, तू आडवी येवक नाय म्हणान झाला."

"तसं काही नाही, काकी."

"आसा कसा नाय! माका म्हायत आसा." त्यांनी हात सोडला नाही. त्यांची बोटं थंड होती, खरखरीत होती. "आणि तुमचोय एकवीस दिसांचो? आत आयकलंय मी. गाव खयचा?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते तरी खरं होतं. तिथला आमचा गणपती पाच दिवसांचा होता आणि घर विकून नऊ वर्षं झाली, हे सांगितलं नाही.

"मगे तुका काय सांगूचा!" त्यांचा चेहरा उजळला. आईचा उजळतो, अगदी तसा. "तितके दिस मुंबयच्या घराक कुलूपच आसता. हयल्या लोकांका ता कळणा नाय. ह्येका किती सांगलंय, मी घराक नव्हतंय, मी घराक नव्हतंय. तुका म्हायतच आसतला."

"हो," मी म्हणाले.

सम्यकने ऐकलं. त्याने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली, म्हणाला, "चला काकी, पायरी सांभाळून," आणि दोघं खाली उतरायला लागले. वळणावर सुलक्षणाबाई थांबल्या, वर पाहून मला हात केला. सम्यक त्यांच्यासाठी थांबला. पण तो वर पाहत नव्हता.

खाली सही लागते. नाव लिहिलंय, तारीख लिहिलीय. आकडे पुन्हा मोजले, चार दोनदा आलाय, तीन दोनदा, एका परिच्छेदाला आकडाच नाही. अशा चुकीवरून मी दुसऱ्याचं प्रतिज्ञापत्र परत पाठवते.